डाव्या मनगटाचं माप

“मनगट किती?” दुकानातल्या माणसाने विचारलं आणि मी काचेवर माझाच हात पुढे केला. त्याने आधी हाताकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. “तुमचं नाही हो ताई, साहेबांचं.” पोटाशी झोळीत बांधलेली लेक तेवढ्यात खुदकन हसली. ती दिव्याकडे बघून हसली असणार, पण मला वाटलं, हिलासुद्धा कळलं. मी हात मागे घेतला. समोर निळ्या मखमलीवर चांदीची ब्रेसलेटं एकाशेजारी एक निजली होती, सगळी सारखीच दिसत होती, आणि इतका वेळ मी फक्त कडी जाड असावी की बारीक एवढाच विचार करत होते. “साधारण,” मी म्हटलं, “म्हणजे मध्यम.” तो माणूस वयस्कर होता, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. “मनगटात मध्यम नसतं,” तो म्हणाला. “मोठं झालं तर दिवसभर तळहातावर घसरत राहतं. लहान झालं तर माणूस दोन दिवस तुमच्यासाठी घालतो आणि तिसऱ्या दिवशी कपाटात टाकतो. फोन करून विचारा ना.” नवऱ्याला कळू द्यायचं नाही, त्याचा वाढदिवस आहे, असं मी सांगितलं. “मग झोपेत मोजा. सगळ्या तेच करतात.” एक ब्रेसलेट उचलून तो फडक्याने पुसायला लागला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, “बायकोला नाही तर कुणाला माहीत असणार?”

रस्त्यावर आल्यावर ऊन एकदम डोळ्यांवर आलं. लेकीच्या टोपीची कड खाली ओढत मी उगाचच पुढच्या दुकानातली भांडी बघत उभी राहिले. कुणाला माहीत असणार. त्याने सहज विचारलं होतं, आणि मला मात्र उत्तर तिथल्या तिथे ठाऊक होतं. तेच तर दुखणं होतं.

माझा नवरा शर्टांच्या कारखान्यात ऑर्डरींचं काम बघतो. ते त्याचं पगाराचं काम. पण कारखान्याला त्याच्या डोक्यापेक्षा त्याच्या अंगाची जास्त गरज, कारण ते अंग अचूक मिडियम आहे. छाती, खांदा, गळा, बाहीची लांबी, सगळं कागदावरच्या आकड्यांशी जुळणारं. नवा नमुना शिवून झाला की तो आधी याच्या अंगावर चढवतात, कुठे चुण्या पडतात, कुठे ओढतंय ते बघतात, आणि मग तसे हजारो शर्ट शिवून बाहेर जातात. कुठले कुठले अनोळखी पुरुष त्या शर्टांत फिरत असतील, जेवत असतील, भांडत असतील, आणि त्या सगळ्यांचे खांदे आधी माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर बसवलेले. लग्न ठरलं तेव्हा मला याची कोण गंमत वाटायची. मैत्रिणींना मी रंगवून सांगायचे. कारखान्यात त्याला नावाने कुणी हाकच मारत नाही, ‘मिडियम’ म्हणतात. आणि हे नाव ठेवलं ते मास्टरणीने. मास्टरीण म्हणजे नमुना खोलीची प्रमुख. परदेशात शिकून आलेली, चाळिशीच्या आसपासची, केस कापलेले, गळ्यात टेप अशी टाकलेली की दागिना वाटावा. तिच्याबद्दल तो घरी फारसं बोलत नाही. मी विचारलं तर म्हणतो, “काय सांगायचं तिच्याबद्दल? काम करते.” माणूस ज्याच्याबद्दल बोलत नाही त्याच्याबद्दल ऐकणाऱ्याला किती काय काय ऐकू येतं, हे त्याला कुठून कळणार.

सातव्या महिन्यात असताना एकदा मी त्याला घ्यायला कारखान्यात गेले होते. नमुना खोलीचं दार अर्धवट उघडं. खोलीच्या मध्यावर लाकडी ठोकळ्यावर तो उभा, हात अंगापासून जरा लांब धरलेले, आणि ती त्याच्याभोवती फिरत होती. तिच्या ओठांत टाचण्या होत्या, त्यामुळे बोलणं नाही. खांद्यावर तिने दोन बोटं टेकवली की तो वळायचा. कोपराला टिचकी मारली की हात वर. मध्येच तिने नुसती भुवई उडवली, आणि त्याने आत ओढून धरलेलं पोट हसत सैल सोडलं. घरी मी ‘जरा सरक’ असं तिसऱ्यांदा म्हणते तेव्हा तो सरकतो. इथे शब्दसुद्धा लागत नव्हता. मी दारातच उभी राहिले, एक हात पोटावर, एक चौकटीवर. वावगं काहीच दिसत नव्हतं. वावगं दिसलं असतं तर घरी जाऊन भांडता तरी आलं असतं. दोन माणसं आपलं काम करत होती, आणि त्या कामात माझा नवरा इतका निवांत होता की तसा मी त्याला फक्त झोपेत पाहिला होता. मग तिचं लक्ष गेलं. टाचण्या तळहातावर काढून ती म्हणाली, “या वहिनी, घेऊन जा तुमचा माल!” शिलाईवरच्या बायका हसल्या, तो हसला, मीही हसले. घरी येईपर्यंत माझा जबडा दुखत होता.

आमच्या घरात त्याच्यासाठी शर्ट विकत आणलेला मला आठवत नाही. नमुन्यांचे शर्ट तोच घेऊन येतो. एखाद्याला कॉलरमागे लेबल नाही, एखाद्याच्या बगलेत खडूची निळी रेघ राहिलेली, एकदा तर इस्त्री करताना विसरलेली टाचणी माझ्या अंगठ्यात गेली. ते शर्ट त्याला असे बसायचे की बघत राहावं, आणि मी बघत राहायचे, आणि बघता बघता मला त्या बसण्याचाच राग यायचा. बायको नवऱ्याला काय देते? शर्ट देते. माझी ती जागा आधीच शिवून बंद झाली होती. म्हणून ब्रेसलेट. खूप विचार करून मी शोधून काढलेली, त्या कारखान्यात न बनणारी, त्याच्या अंगावरची एक गोष्ट. आणि तिथेही पहिल्याच पायरीवर कुणीतरी माप विचारलं.

त्या संध्याकाळी दोरीवरचा त्याचा निळा शर्ट काढला, कफचं बटण लावलं आणि आतून टेप फिरवली. उजवा कफ मोजला, डावा मोजला. डावा मोठा भरला. शिवताना चूक झाली असेल म्हणून दुसरा शर्ट घेतला, मग तिसरा. प्रत्येकाचा डावा कफ उजव्यापेक्षा थोडा मोठा, आणि थोडा म्हणजे अगदी तेवढाच. लेक पलंगावर पालथी पडून माझ्याकडे मान वर करून बघत होती. तिच्यासमोर मी तीन शर्टांच्या सहा बाह्या पसरून बसले होते, जणू काही तीन पुरुष हात पसरून काहीतरी मागत आहेत. मग एकदम लक्षात आलं. घड्याळ. तो डाव्या हातात घड्याळ घालायचा, त्याच्यावरून कफ सहज जावा म्हणून ती जागा. लेक झाल्यावर तिच्या गालाला बक्कल लागलं तेव्हापासून त्याने घड्याळ घातलंच नव्हतं. माझ्यासुद्धा डोक्यातून गेलेल्या त्या घड्याळासाठी ती बाई अजून जागा सोडत होती. मी शर्टांच्या घड्या घालायला लागले, आणि नेमका सासूबाईंचा फोन आला. “त्याचे गाल बसलेत का गं? परवा फोनवर बघितला, खातो ना नीट?” मी म्हटलं, “फोनमध्ये तसं दिसतं, आई. डबा तर रोज चाटूनपुसून रिकामा येतो.” त्या म्हणाल्या, “तू म्हणतेस तर असेल. तू बघतेसच की.” मी बघतेच. मी सारखी बघत असते. लेकीचा श्वास बघते, दुधाचं तापमान बघते, गॅसचं बटण बंद आहे ना ते तीनदा बघते. इतकं बघून डोळे चुरचुरतात.

सुट्टीच्या दुपारी संधी मिळाली. लेकीला छातीवर घेऊन तो झोपला होता, डावा हात पलंगाच्या कडेवरून खाली लोंबत होता. टेप गार लागेल, तो जागा होईल, म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं आणि लेकीच्या लोकरीच्या टोपीचा एक सुटलेला धागा हाताला लागला. तोच ओढून तोडला. जमिनीवर गुडघे टेकून मी तो धागा त्याच्या मनगटाभोवती घातला. कित्येक महिन्यांत त्याचा हात असा स्वस्थ माझ्या हातात आला नव्हता. आमचे हात भेटायचे ते लेकीला एकाकडून दुसऱ्याकडे देताना, तिच्या मानेखाली, घाईत. मनगटाच्या बाहेरच्या बाजूचं हाड वर आलेलं होतं, त्याच्याभोवती थोडी खळगी. हे पहिल्यापासून असंच होतं? मला आठवेना. लग्नाच्या पहिल्या वर्षी याच हातावर डोकं ठेवून मी तासन्‌तास पडायचे, तेव्हा हे हाड कानाला टोचायचं का? आठवेना. ज्या बाईने सगळं मोजलंय तिला हे ठाऊक असणार, हा विचार आला आणि धाग्याची गाठ मी जरा जास्तच ओढली. तो जागा झाला नाही. झोपेतच हात सोडवून त्याने वर नेला आणि लेकीच्या पाठीवर बरोबर मधोमध ठेवला. तळहाताखाली तिची अख्खी पाठ मावली. मी खाली तशीच बसून राहिले, हातात धाग्याचं एक लहानसं वेटोळं घेऊन. स्वतःच्या सात महिन्यांच्या पोरीचा हेवा वाटणं याला काय म्हणतात मला माहीत नाही. पण वाटला.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराने तो धागा पट्टीवर ठेवला, एका टोकाने धरला, ओढला, सोडला. ओढला की एक आकडा, सोडला की दुसरा. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “ताई, लोकरीने कुणी माप घेतं का?” मला हसूही आलं आणि रडूही. हाताशी तेच होतं असं म्हणाले. लेकीने हात पुढे करून तो धागा मुठीत धरला आणि तोंडात घातला. “हिने तर मापच खाल्लं,” तो म्हणाला, आणि मग मऊ आवाजात, “साहेब शर्ट कुठे शिवतात? शिंप्याकडे माप असेल की. इतकं काय अवघड आहे त्यात?”

काहीच अवघड नव्हतं. कारखाना तिथून दोन गल्ल्यांवर. चालताना मी मनात वाक्यं जुळवत होते: सहज या बाजूला आले होते. त्याला सांगू नका हं. मनगट तेवढं सांगा. वाक्य कितीही फिरवलं तरी शेवटी तेच उरत होतं, माझ्या नवऱ्याबद्दल मला माहीत नाही ते तुम्ही सांगा. जेवणाच्या सुट्टीआधीची वेळ होती, यंत्रं चालू होती, आणि नवरा वरच्या मजल्यावर ऑफिसात असणार हे मला ठाऊक होतं. नमुना खोलीत मास्टरीण टेबलावर वाकून कापड कापत होती. “अगंबाई, वहिनी! आणि ही एवढीशी साइज कोण? ही आमच्या कुठल्याच तक्त्यात बसत नाही!” तिने कात्री ठेवली, हात पुसले, लेकीची पावलं चिमटीत धरली. लेक तिच्याकडे बघून दोन दात दाखवून हसली. फितूर. मी एका दमात सांगून टाकलं. ब्रेसलेट, वाढदिवस, मनगट.

“मनगट?” ती म्हणाली. “कफ सांगते हवा तर. मनगट मला काय माहीत?”

“असं कसं? इतकी वर्षं तुम्ही...”

“शर्टाला मनगट कुणी मोजत नाही, वहिनी. कफ ठरलेला असतो. त्याच्या आत काय आहे याच्याशी आम्हाला काय करायचंय?” माझ्या चेहऱ्यावर तिला काहीतरी दिसलं असावं, कारण पुढचं वाक्य ती हळू म्हणाली. “इतकी वर्षं मी कापड धरलंय. हात नाही.”

एखादं जड सामान कुणीतरी अचानक डोक्यावरून उतरवावं आणि तोल जावा तसं झालं मला. म्हणजे तिलाही नाही. म्हणजे या जगात ते कुणालाच माहीत नव्हतं. इतके दिवस पोसलेला हेवा कुठे ठेवायचा ते कळेना, आणि हलकं वाटायच्या ऐवजी आत काहीतरी घाबरलं. ती मात्र बोलतच होती. “आणि आता तर त्याला उभंही करत नाही आम्ही. पुतळ्यावरच भागवतो.” कोपऱ्यात कापडी पुतळा होता, बिनडोक्याचा, बिनहातांचा, अंगात अर्धा शर्ट. “तुम्हाला म्हणाला नाही? आता मिडियम राहिला कुठे तो! खांदा तोच, खाली सगळं रिकामं. दोन नमुने फसले माझे. मी म्हटलं, बाबा रे, आधी खा, मग उभा राहा.”

“डबा रोज रिकामा येतो,” मी म्हटलं. माझा आवाज मला सासूबाईंशी बोलतानाचा वाटला.

“येणारच. आम्ही खातो ना! छान असतो हो, आमच्या बायका वाट बघतात.” ती हसायला लागली आणि मध्येच थांबली. शिलाईवरच्या बायकांनी माना खाली घातल्या. मी विचारलं, का? का खात नाही? ती टेप गळ्यातून काढून बोटांभोवती गुंडाळत राहिली. “मला म्हणाला ते सांगू की नको... म्हणाला, ती रडत रडत भरते तो डबा. घशाखाली उतरत नाही. परत नेला तर आणखी रडेल.”

सकाळी स्वयंपाकघरात मी नळ सोडून ठेवते. पाणी भांड्यात पडतं, मोठा आवाज होतो, आणि त्या आवाजाखाली मी जे काय करायचं ते करून घेते. विशेष कारण नसतं. झोप झालेली नसते, लेक उठेल ही भीती असते, एखाद्या दिवशी नुसतं डब्याचं झाकण बसत नसतं. मग तोंड धुऊन, डबा पिशवीत घालून, मी दारात येते आणि म्हणते, सगळं संपव हं. तो म्हणतो, हो. मला वाटायचं, कुणाला कळत नाही. मी त्याला टेप घेऊन, धागा घेऊन मोजत बसले होते आणि तो रोज नळाच्या आवाजातून मला मोजत होता. आणि मोजून झाल्यावर हे सांगायला कुणाकडे गेला, तर हिच्याकडे. माझं रडणं त्याला कळतं, हे माझ्या आधी हिला माहीत होतं. मनगट नव्हतं माहीत, पण हे होतं. मी विचारलं, “मग घरी येणारे शर्ट? ते तर नीट बसतात.” ती ओशाळून म्हणाली, “ते मी दोन्ही बाजूंनी आत घेऊन द्यायचे. ढगळ दिसला तर ती काळजी करेल, म्हणाला. कफ तेवढे तसेच ठेवले, ते उसवायचं काम फार किचकट.” माझ्याच नवऱ्याला माझ्यापासून लपवायला तिने टीप घातली होती, आणि तीही सफाईदार. मला तिचा राग येत होता, आणि तो राग नीट बसत नव्हता, कारण तिच्या डोळ्यांत मला खरंखुरं वाईट वाटलेलं दिसत होतं. ते तर आणखीच सोसवेना.

सुट्टीची घंटा झाली आणि तो जिन्यावरून खाली आला, हातात डबा. आम्हाला बघून तो शेवटच्या पायरीवरच थबकला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मास्टरणीकडे. “काय झालं? पिल्लू बरी आहे ना?” मी पुढे होऊन त्याचं मनगट धरलं. डावं. माझी बोटं सगळीकडून फिरून एकमेकांना भेटली आणि अंगठा पार नखावर चढला. पूर्वीही असं होतं की नव्हतं, हेही मला सांगता आलं नसतं. “चल,” मी म्हटलं. “कुठे?” “चल म्हटलं ना.” मास्टरीण पुतळ्याकडे तोंड करून उगाच एक टाचणी काढत होती, लावत होती.

रस्त्यात त्याने डबा काखेत धरला. मग म्हणाला, “तिने सांगितलं वाटतं.” मी म्हटलं, “तू का नाही सांगितलंस?” “काय सांगायचं होतं? तू रडतेस, हे तुलाच सांगायचं? तुला माहीत होतंच की.” “तिला सांगता येतं,” मी म्हटलं. “ती ऐकते आणि कामाला लागते,” तो म्हणाला. “तू ऐकलं असतंस तर रात्रभर जागी राहिली असतीस.” तेही खरं होतं. खरं असलं म्हणून काय झालं. त्याचं मनगट मी सोडलं नव्हतं; येणारेजाणारे बघत होते, पुढे बांधलेलं मूल आणि मागे ओढत आणलेला नवरा.

दुकानदाराने आम्हाला बघितलं आणि त्याला काय कळायचं ते कळलं. “या साहेब. आता खरं माप मिळालं.” त्याने नवऱ्याचा हात काचेवर ओढून घेतला, बाही मागे सारली, हाडाखाली दोन बोटं ठेवून हात इकडून तिकडे वळवला. किती सहज. मला ते बघवेना, एवढ्याशा गोष्टीतही बघवेना. बारीक कडीचं एक ब्रेसलेट त्याने हातात घातलं. ते घसरून अंगठ्याच्या मुळाशी आलं. नवरा त्याच्याकडे बघत होता, मग त्याने माझ्याकडे पाहिलं. “माझ्यासाठी?” मी मान हलवली. “कड्या कमी करू,” दुकानदार म्हणाला. त्याने चिमट्याने कड्या काढल्या, पुन्हा घातलं. “हं. आत एक बोट सरकलं पाहिजे, बस. त्यालाच बरोबर माप म्हणायचं.” आणि तो आपलं जाडजूड बोट पुढे आणायला लागला.

“तुमचं नको,” मी म्हटलं. तो थांबला. चांदी आणि कातडीच्या मध्ये मी माझं बोट घातलं. आत उबदार होतं, आणि नाडी लागत होती. माझं बोट दुकानदाराच्या बोटाच्या अर्धं. आणखी कड्या निघाल्या. “एवढं नेमकं कशाला?” दुकानदार म्हणाला. “साहेब पुढे अंगाने भरतील. दोन कड्या जास्त ठेवतो.”

“नको. आत्ताच्या मापाचंच द्या.”

“घट्ट होईल ताई.”

“अगं, असू दे की थोडं सैल,” नवरा म्हणाला. “खायला लागलो तर रुतेल ते.”

“रुतू दे,” मी म्हटलं. बोट अजून आतच होतं. “रुतायला लागलं की सांगायचं. मला. आधी मला.”